लगीनसराईच्या तोंडावर: चेहऱ्याला एवढं लावू नका

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या घरांना, मेडिकल दुकानांना, पार्लरना आणि शाळा-कॉलेजांना आवाहन)

तुळशीचं लग्न जवळ आलंय. त्यानंतर कांदेपोहे, सुपारी, याद्या, साखरपुडे, आणि पाठोपाठ हळदी. आपल्या दोन्ही तालुक्यांत या दिवसांत एक गोष्ट ठरल्यासारखी होते. पाहुणे बघायला येणार म्हटलं की मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी लावायला सुरुवात होते. अलीकडे मुलाच्याही. मावशी एक सांगते, मैत्रीण दुसरं, मोबाइल तिसरं. आणि माघ-फाल्गुनात, ऐन लग्नाच्या तारखा निघाल्या की तोच चेहरा लालबुंद होऊन डॉक्टरच्या दारात बसलेला असतो.

म्हणून हे आवाहन आत्ताच करतोय, उशीर झाल्यावर उपयोग नाही. चिठ्ठीशिवाय आणलेली चेहऱ्याची कुठलीही नवी ट्यूब सुरू करू नका. लेबल नसलेली क्रीमची डबी घरात असेल तर ती आज रात्रीपासून बंद. मेडिकलमधलं मलम महिनोन् महिने चालू असेल तर या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते कसं सोडायचं हे त्यांना ठरवू द्या. आणि चेहरा आधीच झोंबत असेल, पुरळ उठलं असेल, तर काही आठवडे त्यावर कमीत कमी गोष्टी लावा. किती कमी, ते पुढे सांगतो.

तालुक्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. हा संवाद ऐकू येईल.

“दादा, ते मागच्या वेळचं मलम द्या. चेहऱ्याचं.”

“नाव काय?”

“नाव नाही माहीत. मैत्रिणीने सांगितलेलं. छोटी ट्यूब होती.”

“हे का?”

“हां, हेच. दोन द्या, ताईला पण पाहिजे.”

पैसे दिले, ट्यूब पर्समध्ये गेली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, बिल कुणी दिलं नाही, किती दिवस लावायचं हे कुणी सांगितलं नाही.

आता ती ट्यूब उजेडात धरा. पुढे ठळक नाव असतं. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचायला चष्मा लागला तर लावा, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा, पण वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं तर तुमच्या हातात स्टेरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन दिसलं, तर तीन औषधांचं मिश्रण आहे. ते वांगावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक दिवसांसाठी द्यायचं औषध आहे. आपल्याकडे ते रोजची क्रीम म्हणून घरभर फिरतं. त्याच ट्यूबवर ‘आरएक्स’ची खूण असते आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असंही छापलेलं असतं. छापलेलं असतं एवढंच.

स्टेरॉइड हे मुळात वाईट औषध नाही, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणी सोरायसिसचं मलम कचऱ्यात टाकेल. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन वरून लावूनही काम करतं हे दिसलं आणि त्वचारोगांचे उपचारच पालटले. कोपर-गुडघ्यावरच्या जाड चट्ट्यांना, हातापायाच्या इसबाला डॉक्टर ते देतात, मोजून. कधीकधी चेहऱ्यालाही देतात, सौम्य आणि थोडे दिवस. घोटाळा होतो तो जागेचा, ताकदीचा आणि दिवसांचा.

जागेचं गणित १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी मांडून ठेवलंय. हाताच्या पुढच्या बाजूला हायड्रोकॉर्टिसोन जेवढं आत मुरतं, त्याच्या सहापट ते कपाळावर मुरतं आणि तेरापट जबड्याच्या कडेला. म्हणजे शेजारच्या काकूंच्या कोपराला ज्या मलमाने काही झालं नाही, तेच तुमच्या मुलीच्या गालावर काय करेल याचा अंदाज करा. त्यात क्लोबेटासोल हे तर सर्वांत तीव्र गटातलं.

आता ते ‘आठ दिवसांत गोरं’ होण्याचं गुपित. स्टेरॉइड लावलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि जागा फिकी पडते. या मलमांची ताकद मोजायची जुनी चाचणीसुद्धा कातडी किती फिकी पडते यावरच बेतलेली आहे. पुटकुळीची सूज बसते, चेहरा तुकतुकीत दिसतो, फोटो छान येतो, मैत्रिणी विचारतात काय लावतेस. इथे ती ट्यूब दुसऱ्या घरात जाते.

पुढचं कुणी कुणाला सांगत नाही. कातडी पातळ होत जाते. गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं. हनुवटीवर, ओठाच्या वर लव वाढते. कपाळभर एकसारख्या बारीक पुटकुळ्या उठतात. उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नाही, चुलीपुढे बसवत नाही. घाबरून मलम सोडावं तर चेहरा तापलेल्या तव्यासारखा होतो, आग आग होते, आणि पुन्हा लावलं की तासाभरात गार. आता ती मुलगी मलम सुंदर दिसण्यासाठी लावत नसते, नुसता जाळ थांबावा म्हणून लावत असते. कोलकात्याच्या डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ साली या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नाव दिलं. एखाद्या आजाराला वेगळं नाव द्यावं लागतं तेव्हा तो आठ-दहा जणांपुरता राहिलेला नसतो.

नव्हताच. २०११ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात देशभरातल्या केंद्रांचा एक अभ्यास छापून आला. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यात तपासले होते. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते. २५७ जणांना ते मलम डॉक्टर सोडून दुसऱ्याच कुणीतरी सुचवलं होतं. उरलेल्यांना डॉक्टरांनीच दिलेलं होतं, हेही लपवण्यात अर्थ नाही. एकदा मिळालेली चिठ्ठी आपल्याकडे किती वर्षं चालते, हे आपल्याला ठाऊक आहे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा विषय लावून धरला आणि मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सूट काढून घेतली, ती चिठ्ठीच्या औषधांत टाकली. कायदा झाला. काउंटरवर मात्र ‘दोन द्या’ चालूच राहिलं.

मेडिकलवाल्या दादांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचंय. तुमचं म्हणणं आम्हाला माहीत आहे. मी नाही दिलं तर पुढच्या दुकानातून घेतील, गिऱ्हाईक तुटेल. खरं आहे. म्हणून ही विनंती एकट्यादुकट्याला नाही. गावातल्या चार-पाच मेडिकलवाल्यांनी एका संध्याकाळी बसून ठरवा की चेहऱ्यासाठी स्टेरॉइडचं मलम चिठ्ठीशिवाय कुणीच द्यायचं नाही. भवानीनगरला ठरलं की अंथुर्णे-लासुर्णेला ठरेल, माळेगावला ठरलं की पणदऱ्याला. काउंटरवर एक पाटी लावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आणि चिठ्ठी असली तरी तिची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीच्या साखरपुड्याची चिठ्ठी आजच्या बारशाला चालत नाही. तुमच्याकडे फार्मसीचं शिक्षण आहे, गावात अनेकांचा पहिला सल्ला तुम्हीच असता. आम्हाला डॉक्टरपेक्षा तुम्ही जवळचे वाटता, याची जबाबदारीही तुमच्यावर येते.

ट्यूबवर निदान काहीतरी छापलेलं असतं. त्याहून भीती वाटते ती झाकण घट्ट बसवलेल्या बिननावाच्या डबीची. ‘फॉर्म्युला क्रीम’, ‘नाइट क्रीम’, ‘स्पेशल’. ना कंपनी, ना परवाना क्रमांक, ना घटक. आत स्टेरॉइड असू शकतं आणि पारासुद्धा. अकोल्याची गोष्ट फार जुनी नाही. २०२२ साली तिथल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना पाठोपाठ मूत्रपिंडाचा आजार झाला. एक मुलगी जैवतंत्रज्ञान शिकणारी, घर सुशिक्षित. कारण सापडेना. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेताघेता डॉक्टर येऊन पोहोचले तिघी लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपाशी. तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यातल्या १५ जणांच्यात एक वेगळाच प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. पारा कातडीतला काळसर रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला गाठतो. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागाच्या वर असता कामा नये. डबीवर काही छापलेलंच नसेल तर हे तपासणार कोण?

पार्लरवाल्या ताईंनो, तुमच्यातल्या बहुतेकींनी कर्ज काढून, घर सांभाळून हा धंदा उभा केलाय. तो बुडावा असं आम्हाला अजिबात वाटत नाही. नवरीचा मेकअप करा, मेंदी काढा, केस करा. दोनच गोष्टी करू नका. बिनलेबलाची क्रीम विकू नका, मग ती देणारा पुण्या-मुंबईचा कितीही ओळखीचा असो. आणि जिचा चेहरा लाल आहे, पुरळ आलंय, तिचं ब्लीच, स्क्रब, वाफ, फेशियल यांतलं काहीही करू नका. ती हट्ट करेल, तिची आई हट्ट करेल, तरी तिला आधी डॉक्टरकडे पाठवा. ती चार महिन्यांनी मेकअपला तुमच्याकडेच येईल. सलूनवाल्यांनाही हेच सांगणं आहे. दाढीनंतर पुरळ उठलेल्या पोराच्या तोंडावर फुकटचं मसाज क्रीम चोळू नका.

आता मुद्द्याचं. चेहऱ्यावर दाह असताना नेमकं करायचं काय?

बरंच काही करायचं सोडून द्यायचं. कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ असतो. बाहेरचं आत येऊ न देणं आणि आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं, एवढं त्याचं काम. त्याचा स्वभाव किंचित आम्लधर्मी, सामू साधारण साडेचार ते साडेपाच. अंघोळीच्या साध्या साबणाचा सामू नऊ-दहापर्यंत जातो. लिंबाचा रस दुसऱ्या टोकाला, सामू दोनच्या आसपास. म्हणजे सकाळी साबण, दुपारी लिंबू-मध, संध्याकाळी खाण्याच्या सोड्याचा लेप आणि रात्री ट्यूब, असं ज्या चेहऱ्यावर चाललंय त्याला सावरायला वेळ कधी मिळतो? पुटकुळीवर टूथपेस्ट लावणं हा तर आपल्या हॉस्टेलांतला जुना उद्योग. टूथपेस्ट दातांसाठी असते.

तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयापासून विद्या प्रतिष्ठानपर्यंत कॉलेजांतल्या मुलींची तऱ्हा वेगळी. त्या लिंबू लावत नाहीत, त्या व्हिटॅमिन सी लावतात. सकाळी एक सीरम, त्यावर नायसिनामाइड, रात्री रेटिनॉल, आठवड्यातून दोनदा ॲसिडचं पीलिंग, मधूनच कोरियन शीट मास्क. यातली एकेक गोष्ट योग्य माणसाला, योग्य वेळी उपयोगी पडते. पण पाच-सहा एकदम सुरू केल्यावर चेहरा झोंबला, तर कशाने झोंबला हे देवालाही कळणार नाही. मग त्या झोंबण्यावर सातवी बाटली येते. रील बनवणाऱ्या मुलीचा चेहरा आणि तिचा दिवा, दोन्ही तुमचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

कमीत कमी लावण्याला त्वचारोगशास्त्रात भक्कम आधार आहे. तोंडाभोवती, नाकाच्या कडेने बारीक लाल पुरळ उठतं, ओठालगतची बारीक कड मात्र स्वच्छ राहते, असा एक आजार आहे, पेरिओरल डर्मटायटिस. चेहऱ्याला स्टेरॉइड लावणाऱ्यांत तो बरेचदा दिसतो. त्यावरच्या उपचारांतला एक मान्य उपचार म्हणजे चेहऱ्याला लावायचं सगळं थांबवणं. डॉक्टर त्याला ‘झिरो थेरपी’ म्हणतात. मुरुमं असोत, गालावर कायमची लाली आणणारा रोझेशिया असो की भुवयांत आणि नाकाच्या बाजूला कोंडा धरणारा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, औषधं वेगवेगळी लागतात, पण चेहऱ्यावरची गर्दी कमी करा हे पहिलं वाक्य बहुतेक ठिकाणी तेच असतं.

तर मग हे करा. सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुवा. फार तेलकट असेल तरच फेसवॉश. संध्याकाळी शेतातून, कॉलेजातून, टेक्स्टाइल पार्कच्या शिफ्टवरून आलात की सुगंध नसलेला सौम्य फेसवॉश, बोटांनी, न घासता. पंच्याने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. चेहरा ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. महागडं कशाला हवं? मेडिकलमध्ये ‘सुगंध नसलेलं, तेलकट नसलेलं’ असं मागा. खोबरेल तेल लावायची घाई करू नका. ते अंगाला छान, पण मुरुमं असलेल्या आणि कोंडा धरलेल्या चेहऱ्याला ते बरेचदा बाधतं. आणि दिवसा ऊन टाळा. सनस्क्रीन परवडत असेल आणि झोंबत नसेल तर एसपीएफ ३०चं लावा. नसेल परवडत तर पदर, टोपी, छत्री, सावली. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर दाह ओसरला की मागे काळे डाग राहतात, आणि ऊन ते डाग आणखी गडद करतं. डाग घालवण्यासाठी पुन्हा ट्यूब, असं ते चक्र आहे.

दोन गोष्टी खास आपल्या भागातल्या. कालव्याखालच्या पट्ट्यात अनेक गावांत बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबण फेसाळत नाही आणि नीट निघतही नाही, पांढरट थर चेहऱ्यावर राहून जातो. अशा घरांत शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. दुसरी गोष्ट स्कार्फची. स्कूटीवरून जाणाऱ्या मुली उन्हाधुळीसाठी तो बांधतात, ते बरोबरच आहे. पण तोच स्कार्फ आठवडाभर न धुता घामाने भिजून-वाळून पुन्हा गालावर घासला जात असेल, तर पुटकुळ्यांचं कारण तिथेच आहे. सुती घ्या, दोन-तीन ठेवा, रोज धुवा.

यातून किती दिवसांत फरक पडतो? कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, म्हणून महिना-दीड महिना तरी धीर धरा. स्टेरॉइड सुटताना तर पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. तिथेच बहुतेक जणी हरतात आणि ट्यूब पुन्हा उघडतात. त्या दिवसांसाठी डॉक्टरांकडे स्टेरॉइड नसलेली औषधं आहेत. एकटीने सोसायची गरज नाही. घरातल्यांनी तेवढे दिवस ‘काय झालं गं तोंडाला’ एवढं विचारायचं टाळलं तरी खूप मदत होते.

सगळंच मात्र कमी लावून बरं होत नाही, आणि इथे सावध राहायला हवं. गालावर गोल, कडेला उठाव असलेला खाजरा चट्टा असेल तर ते गजकर्ण असू शकतं, म्हणजे बुरशी. त्यावर स्टेरॉइड किंवा तिहेरी-चौहेरी ‘मिक्स’ मलम लावलं की खाज थांबते, बुरशी मात्र निवांत पसरते आणि चट्ट्याचं रूप असं बदलतं की डॉक्टरलाही ओळखायला कठीण जातं. फिका चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि वेळेत घेतली तर तो पूर्ण बरा होतो. अशा चट्ट्याला गोरं करायच्या भानगडीत पडू नका.

आणि शेतकरी मंडळींनो, तुम्ही हे बायकांचं म्हणून पान उलटलं असेल तर थांबा. पापण्या सुजणं, मानेच्या मागे, कोपराच्या आतल्या घडीत आणि चेहऱ्यावर खाज, पावसाळ्यात जास्त, मग वर्षभर. कातडी काळी, जाड, सुरकुतलेली होत जाते. हा गाजरगवताचा त्रास असू शकतो. हे गवत भारतात पसरायला लागल्याची नोंद १९५६ साली झाली ती पुण्यातूनच, आणि सत्तरच्या दशकात त्याने होणाऱ्या त्वचारोगाचे अहवालही पुण्यातूनच आले. आज आपल्या उसाच्या बांधावर, कालव्याच्या कडेला, बोरीच्या द्राक्षबागांच्या कुंपणाशी ते सगळीकडे आहे. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य वाळक्या गवताच्या धुळीबरोबर हवेतून येऊन चेहऱ्यावर बसतं. म्हणजे हात न लावताही त्रास होतो. गाजरगवत फुलोऱ्यात यायच्या आधी, ओल्या जमिनीत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुळासकट उपटा. ज्याला आधीच त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्याला सांगावं. घरी आलं की आधी हातपाय-तोंड धुवा आणि कपडे बदला. खाज उठली म्हणून बैलाच्या जखमेवरचं किंवा पोराच्या ट्यूबमधलं तोंडाला लावू नका. या आजारात स्टेरॉइड लागू शकतं, पण कुठलं, किती आणि किती दिवस, हे मोजणारा माणूस त्वचारोगाचा डॉक्टर.

दाखवायचं कुठे? बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रुग्णालयात त्वचारोग विभागाचा केसपेपर काढा. इंदापूरकरांनी आधी उपजिल्हा रुग्णालयात दाखवावं, गरज पडली तर तिथून पुढे पाठवतील. गावात आशाताईंना विचारा, त्यांना वाट माहीत असते. डोळ्याच्या आत दुखत असेल, चेहरा एकदम सुजला असेल, ताप आणि पू असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी जा. गरोदर असाल किंवा लग्नानंतर लवकर बाळाचा विचार असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोनची मलमंही त्या काळात टाळतात.

शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना एक काम सांगतो, तासाभराचं. मुलांना घरातली एकेक ट्यूब आणायला सांगा आणि वर्गात घटक वाचून घ्या. रसायनशास्त्राच्या बाईंनी लिंबू, साबण आणि फेसवॉश यांचा सामू पीएच कागदावर दाखवावा. मुलं घरी जाऊन आईला, आत्याला, काकूला शिकवतील. आपल्याकडे नाहीतरी घरातल्या मोठ्यांना मोबाइल पोरंच शिकवतात.

आणि मुलांच्या बापांना, मामांना, मध्यस्थांना. बायोडाट्यात जन्मवेळ, गोत्र, शिक्षण, शेती यांच्यामध्ये ‘वर्ण : निमगोरा’ अशी ओळ आजही असते. ती ओळ काढून टाका. मुलीकडच्यांनी छापू नका, मुलाकडच्यांनी विचारू नका. फोटो तर सोबत असतोच. या एका ओळीने किती ट्यूबा खपतात याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण पाहुणे येण्याच्या आदल्या महिन्यात पोरगी काउंटरवर का उभी राहते, हे आपल्याला न कळण्याइतके आपण भोळे नाही. १९७५पासून विकली जाणारी गोरेपणाची प्रसिद्ध क्रीम २०२० साली नाव बदलून बसली. आपल्या बायोडाट्याला तेवढंही जमू नये?

बिनलेबलाची क्रीम कुणी विकताना दिसलं, किंवा स्टेरॉइडच्या ट्यूबा सर्रास चिठ्ठीशिवाय जाताना दिसल्या, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. भांडायला जाऊ नका, डबीचा फोटो काढून ठेवा.

डॉक्टरकडे जाताना एक करा. चेहऱ्याला आजवर जे जे लावलं ते सगळं एका पिशवीत भरून न्या. संपलेली, मुरगाळलेली ट्यूब, फेसवॉश, सीरम, पार्लरची डबी, आजीचं उटणं, जुनी चिठ्ठी, सगळं. लाजून काही मागे ठेवू नका आणि रागाच्या भरात उकिरड्यावरही फेकू नका. कशाने बिघडलं हे त्या पिशवीतूनच कळतं, आणि बिननावाच्या डबीत काय होतं हे तपासायचं तर डबी हातात असावी लागते. सकाळी चेहऱ्याला काहीही न लावता, मेकअप न करता जा, आणि कधीपासून काय लावलं ते महिन्यासकट एका कागदावर लिहून न्या. लग्नाची तारीख ठरलेली असेल तर तीही त्याच कागदावर लिहा, म्हणजे किती दिवस हाताशी आहेत हे बघून डॉक्टरांना उपचार आखता येतील.